घासलेल्या रुपयाची ग्रेड

ज्ञानेशदादा,

तुझ्या चांदीच्या रुपयाला नाणी तपासणाऱ्या संस्थेनं पूर्वी सत्तरपैकी त्रेसष्टची ग्रेड दिली होती. आता त्यांचे निकष कडक झाले म्हणून तू तो मुरारीभाऊंच्या हाती फेरतपासणीला पाठवलास, आणि ‘घासलेलं नाणं, ग्रेड नाही’ असा शेरा आला. काल आकुर्डीत नाणेसंग्राहकांच्या बैठकीत तू ओरडलास, "मुरारी, तूच माझं नाणं बदललंस!" वीस वर्षांपासूनचे तुझे मित्र, पण ते उठून निघून गेले. मी मागच्याच रांगेत होते.

दादा, नाणं तेच आहे. पहिल्या तपासणीआधी, तुला खूश करायला, मीच ते दंतमंजनानं घासलं होतं. तेव्हा तेवढं चालून गेलं.

हे पत्र पाठवत नाही. आधी मोशीला मुरारीभाऊंच्या घरी जाऊन त्यांची माफी मागते, मग त्यांना घेऊनच तुझ्या दारात येते.

तुझी बहीण,
हर्षाली