गाणं लावायच्या आधीचा व्हिडिओ

यशूचे बाबा,

यशूले घेऊन मी आईकडे अल्लीपूरले चालली. एसटीनं. तुमच्या कारमधे आता माही पोरगी बसणार नाई.

समृद्धीवर एकशेवीसच्या वर जायचं नाई, हे तुम्हाले माहीत होतं. तरी काटा एकशेसाठवर नेला, यशूच्या हातानं त्याचं शूटिंग करून घेतलं, अन् वरून गाणं लावून रील कारवाल्या ग्रुपवर टाकली. दोस्तांनी 'भाई, आग लगा दी' लिहिलं. मलेही पाठवली, अन् मी बी येडीसारखा अंगठा टाकला.

आज सकाळी तिच्या गॅदरिंगचे फोटो शोधताना तुमच्या मोबाईलमधे तो व्हिडिओ सापडला, गाणं लावायच्या आधीचा. पोरगी रडून राह्यली, सारखी म्हणून राह्यली, 'बाबा, हळू ना.' अन् तुम्ही म्हणता, 'हात हलवू नको, काटा नीट दिसला पायजे.' तिचा हात काट्यापर्यंत पोचावा म्हणून तिले बेल्टही सोडाले लावता. आठ वर्षांच्या लेकराचं रडणं गाण्याखाली दाबलं तुम्ही. गाणंही निवांत बसून निवडलं असेल.

कणीक फ्रिजमधे आहे, पोळ्या लाटून घ्या. मले फोन करू नका. घ्याले यायची हिंमत झालीच, तर एसटीनं या.

अन् पोरगी तुमच्यावर रागावली असेल, असं समजू नका. आता वेणी घालताना मले विचारत होती, 'आई, पुढच्या वेळी माहा हात नाई हलला, तर बाबा चिडणार नाईत ना?'

मोनाली