आईचा कूलर

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

आज आईशी खोटं बोललो. तेही फालतू गोष्टीसाठी.

गॅरेजमध्ये जुन्या एस्कीला, म्हणजे सहलीच्या बर्फाच्या पेटीला, भोकं पाडत होतो. हॅलोविनसाठी धुराचं मशीन आणलंय, पण त्याचा धूर गरम, वर उडून जातो. बर्फातून नेला की थंड होऊन जमिनीवर रांगतो म्हणे. विकतचा चिलर महाग, म्हणून हा घरगुती उद्योग. नुपूरला अंगणात थडगी हवीत आणि त्यातून धुकं. लेकीला नाही म्हणणं मला जमत नाही.

मागून आईचा आवाज — "काय करतोयस रे?"

तोंडातून निघून गेलं, "तुझ्या खोलीसाठी कूलर. इथला डिसेंबरचा उन्हाळा येतोय ना."

बाबांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. यंदा कंदील नाही, फराळ नाही. आणि मी दारात थडगी मांडणार! हे तिला कुठल्या तोंडाने सांगू?

२१ ऑक्टोबर

आई पुण्याला नीलामावशीशी फोनवर — "अगं, माझ्यासाठी स्वतःच्या हाताने कूलर करतोय." तेजश्री म्हणाली, "आत्ताच्या आत्ता सांगून टाक." नवऱ्याचा भित्रेपणा तिला नवा नाही. सांगितलं नाही.

२६ ऑक्टोबर

एस्कीत पत्र्याचा लवचीक पाइप नागमोडी बसवला, भोवती बर्फ भरला, मशीन लावलं. धूर निघाला तो थेट छताला. "डॅड, इट्स गोइंग अप." मलाही दिसत होतं.

वळलो तर आई दारात. आता विचारणार, कूलरमध्ये धूर कशाला? विचारलं नाही. आत जाऊन मिठाचा डबा घेऊन आली.

"पॉटचं आइस्क्रीम विसरलास? बर्फात मीठ घालायचे तुझे बाबा. त्याशिवाय गार होत नाही."

मुठी भरभरून स्वतःच घातलं. थोड्या वेळाने धूर खाली बसला, तिच्या पायांवरून सरकत गेला. बाबांचं नाव तिने किती दिवसांनी असं सहज घेतलं! आणि मी चोरासारखा उभा.

२८ ऑक्टोबर

वसुबारस. आईने घरातले सगळे डबे पाणी भरून फ्रीजरमध्ये लावलेत. माझ्या कूलरसाठी. माझ्यासारखा नालायक मीच.

३१ ऑक्टोबर

नरकचतुर्दशी. पहाटे उटणं नाही, दिवा नाही. संध्याकाळी मात्र थडगी! आईला म्हटलं, तू खोलीतच बस, बाहेर पोरांचा गोंधळ असतो. किती सोयीस्कर काळजी.

धुकं काय रांगलं! गल्लीतली पोरं किंचाळत आली. शेजारी म्हणाला, "बेस्ट इन द स्ट्रीट, मेट." मी मोठ्याने हसलो आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईच्या खिडकीचा पडदा बाजूला होता.

१ नोव्हेंबर

सकाळी चहा देताना सांगायला तोंड उघडलं. आईने हातानेच थांबवलं.

"नुपूरने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू हॅलोविन म्हणाला असतास, तर मला नको म्हणावं लागलं असतं. कूलरला कोण नको म्हणतं?"

मग तिने नीलामावशीला फोन लावला. "हो गं, मस्त चालला कूलर. काल खूप दिवसांनी जरा बरं वाटलं."