धनुष्याचा जादा वाक

३ फेब्रुवारी
प्लायवुड आणलं! आई ओरडली — "दीक्षा, ह्या दीड खोलीत ठेवायचं कुठं हे? माझ्या डोक्यावर?" पलंगाखाली सरकवलं.

लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून धनुष्य करायचंय. त्या दाबून धरायला आधी साचा हवा. तिरंदाजी क्लबचं धनुष्य परत करावं लागलं, त्यामुळे स्वतःचं पाहिजेच. पण खरं कारण पप्पा. चाकणच्या कंपनीत जन्मभर पत्रा दाबायचे साचे केले त्यांनी. अर्धांगवायूनं उजवा हात गेला, तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. त्यांना उठवायचंय. बस्स.

५ फेब्रुवारी
मुद्दाम पप्पांसमोर करवत वाकडी धरली. बघितलंसुद्धा नाही! राग आला. मग रडू आलं.

८ फेब्रुवारी
पप्पा बोलले!! मी प्लायवर रेघ मारत होते, तर मागून — "स्प्रिंगबॅक धरला का?"

दाबलेला पत्रा सुटला की थोडा सरळ होतो, म्हणून साच्यात वाक जादा द्यायचा. हे त्यांच्या अंगात मुरलेलं. चिकटवलेलं लाकूड तसं परत सरळ होत नाही, मला ठाऊक होतं. पण इतक्या महिन्यांनी आपणहून विचारलं होतं त्यांनी! म्हटलं, "राहिलंच की पप्पा. किती देऊ?" डाव्या हाताची दोन बोटं दाखवली. दिला तेवढा.

१५ फेब्रुवारी
पट्ट्या चिकटवून साच्यावर आवळल्या. पप्पा खुर्चीतून हुकूम सोडत होते — "आधी मधला क्लॅम्प! मग कडेला जा. घाई कशाची हाय?" आई चहा गाळता गाळता गालात हसत होती. किती छान दिवस!

१७ फेब्रुवारी
साच्यातून काढलं. लाकूड जरासुद्धा सरळ झालं नाही. टोकं भलतीच वळलेली. दोरी कशीबशी चढवली, पण जादा वाकामुळे धनुष्य इतकं कडक की हनुवटीपर्यंत ओढवेना. पप्पा बघत होते.

"माझंच चुकलं," मी म्हटलं. "पट्ट्या जाड घेतल्या मी."

पप्पा पुन्हा भिंतीकडे वळले. मी खोटं बोलले ते बरं केलं का?

१९ फेब्रुवारी
कामावरून आले तर दारात भुसा. आई म्हणाली, "मला विचारू नको. दुपारपासून ऐकत न्हाईत कुणाचं."

पलंगावर नवा साचा. डाव्या हातानं कापलेला, कड सगळी खडबडीत. वाक मोजला. जादा काही नाही.

"पट्ट्या बरोबर होत्या," पप्पा म्हणाले. "कानस आण."