टीमचे काळे मोजे

४ मार्च
आजपासून रोजनिशी. मोठ्या संशोधकांना ही सवय असते म्हणतात. कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.
आपल्या दवाखान्याची संशोधनासाठी निवड झाली. विषय असा: डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट आणि व्यायामाच्या बाई यांनी टीम म्हणून काम केलं, तर डायबेटिसच्या पेशंटची तब्येत सुधारते का? सुधारते. सिद्ध करायचं तेवढं बाकी आहे.
तुलनेसाठी पुलापलीकडचा दवाखाना. तिथला डॉक्टर सगळं एकटा करतो. वजन घेतो, पट्टी बांधतो, पेशंटला चपला काढायला लावून तळवे बघत बसतो. पूर्वी मीही तेच करायचो. आता मी टीम लीडर.
संकल्प: रोज सकाळी टीमची उभ्याने मीटिंग. रोज संध्याकाळी चालणे. आणि दादाला सांगणे, की दवाखान्यात मला छोट्या म्हणू नकोस, डॉक्टर म्हण.

५ मार्च
दादाचं नाव संशोधनात घातलं. सख्खा भाऊ चालतो का? नियम वाचले असते तर कळलं असतं. म्हणून वाचले नाहीत.
दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. विजेचे मीटर वाचायच्या नोकरीत जन्मभर लोकांचे जिने चढला. वडील लवकर गेले, त्यामुळे मला डॉक्टर त्यानेच केलं. वहिनी गेल्यापासून दवाखान्यामागच्या गल्लीत एकटा राहतो. डायबेटिस जुना. पाय कापसावर ठेवल्यासारखे वाटतात, म्हणाला. चप्पल पायातून कधी निसटते तेही कळत नाही म्हणे, म्हणून आता बूट घालतो.
पाय हलके वाटतात, अशी मी नोंद केली. पहिल्याच दिवशी फरक!
छोट्याचं सांगायचं राहिलं. त्याने भर दवाखान्यात दोनदा हाक मारली. सिस्टर हसल्या.

८ मार्च
मीटिंगचा नियम ठरवला. प्रत्येकाने एक मिनिट बोलायचं आणि फक्त प्रगती सांगायची. तक्रार नको. कालच्या मीटिंगमध्ये पंखा, नळ आणि मोडकी खुर्ची यांतच सगळा वेळ गेला होता.
व्यायामाच्या बाईंनी विचारलं, पेशंटचे पाय कुणी बघायचे? म्हटलं, टीमने. सिस्टर म्हणाल्या, टीमने म्हणजे नक्की कुणी? म्हटलं, हाच तो जुना विचार. सगळी जबाबदारी सगळ्यांची. सगळ्यांनी माना डोलावल्या. विषय मिटला.
चालायला गेलो नाही. बूट चावतात.

१९ मार्च
पेशंट टिकून राहावेत म्हणून प्रत्येकाला भेट द्यायची कल्पना माझीच. मोज्यांचे दोन-दोन जोड. बायको म्हणाली, पांढरे आणा, पातळ सुती. मी काळे जाड आणले. मळ दिसत नाही. घोट्यावर पिवळ्या अक्षरांत ‘आम्ही एक टीम’.
दादाने तिथेच बाकावर बसून घातले. म्हणाला, छोट्याने पहिल्यांदाच काहीतरी दिलं. म्हटलं, मी नाही, संशोधनाने दिले. म्हणाला, हो हो, तेच ते.

२ एप्रिल
बाकीच्या पेशंटांनी मोजे नातवंडांना देऊन टाकले. दादा मात्र रोज घालतो. एक जोड पायात, एक दोरीवर. तळपायाला कळत नसलं तरी मनाला ऊब वाटते, म्हणे. त्याचा फोटो काढून भिंतीवर लावला. आदर्श पेशंट. फोटोत मोजे फार छान आलेत.
चालणं उद्यापासून.

१६ एप्रिल
आजची मीटिंग उत्तम झाली. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, दादा हल्ली सावकाश चालतात, पाऊल जरा तिरकं, जपून टाकतात. म्हणजे धांदरटपणा गेला. फार्मासिस्ट म्हणाला, दादा तापाच्या गोळ्या आपणहून मागायला येतात. म्हणजे स्वावलंबन. सिस्टर बाकाजवळच्या वासाचं काहीतरी सांगत होत्या. त्यांना थांबवलं. वास ही प्रगती नव्हे.
तरी दुर्लक्ष नको म्हणून लिंबाच्या वासाचा फवारा मागवला. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात लिंबाचा वास येत होता. आणि तोही.

१७ एप्रिल
दादा जेवायला आला होता. बूट बाहेर काढले, मोजे तसेच. तो गेल्यावर बायको म्हणाली, भावोजींचा उजवा पाय सुजल्यासारखा वाटतो, तुम्ही बघितलात का? म्हटलं, सिस्टर बघतात. म्हणाली, सिस्टरना विचारलंत का? म्हटलं, आमची टीम आहे. म्हणाली, भागीचं घोडं किवणाने मेलं.
घोडं चौघांचं, म्हणून त्याची जखम कुणीच बघत नाही आणि ती चिघळते, असा त्या म्हणीचा अर्थ. म्हणींवर संशोधन चालत नाही, हे तिला शांतपणे समजावलं. ती भांडी घासत होती. ऐकलं असावं.

२३ एप्रिल
संशोधनाच्या मुख्य बाई पाहणीला आल्या. नेमकी आजच दादाची साखर भलतीच वर. मशीन बिघडलं असणार. दुसरं आणलं. तेही बिघडलेलं निघालं.
बाईंना दवाखाना दाखवत होतो, तेवढ्यात दादा मध्येच आला. छोट्या, जरा पाय बघतोस का, म्हणाला. बाईंसमोर! शेवटी सांगून टाकलं. हसतच सांगितलं, की इथे डॉक्टर म्हणायचं, मग बघतो. सगळे हसले. दादाही हसला. चुकलं, म्हणाला. राहू दे, तू कामात आहेस.
मी त्याला व्यायामाच्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी मलमासाठी फार्मासिस्टकडे. फार्मासिस्टने सिस्टरना विचारा म्हटलं. सिस्टर मुख्य बाईंसाठी चहा करत होत्या, त्यांनी डॉक्टरांना दाखवा म्हटलं. तोवर मी बाईंना सोडायला फाटकापर्यंत गेलो होतो.
एका पेशंटची एका सकाळी चौघांनी विचारपूस केली. पुलापलीकडे होईल का असं?

२६ एप्रिल
दवाखाना बंद. टीम एकत्र यावी म्हणून मैदानात खेळ ठेवले. फोन बंद ठेवायचा नियम माझाच. तीन पायांच्या शर्यतीत माझा पाय फार्मासिस्टच्या पायाला बांधला होता. दोघे आपटलो. पुष्कळ दिवसांनी इतका हसलो. सिस्टर मध्येच म्हणाल्या, दादांना आज ताप होता का हो, काल डोळे लाल दिसत होते. म्हटलं, आज पेशंटचा विषय नाही.

२७ एप्रिल
फोन काल चालू करायचा राहिला. सकाळी बघितलं तर पुलापलीकडच्या डॉक्टरचे फोनवर फोन.
दादा काल दवाखान्यात आला होता. कुलूप बघितलं. मग तापात तसाच चालत पुलापलीकडे गेला. तिथल्या डॉक्टरने त्याला नेहमीप्रमाणे मोजे काढायला लावले. उजवा निघेना. चिकटला होता. पाण्यात भिजवून कापून काढला. बुटात शर्टाचं बटण सापडलं, दादाच्याच शर्टाचं. किती दिवस त्यावर चालत होता कोण जाणे. त्याला कळलंच नाही. दोन बोटं काळी पडलीत, जखम वर चढलीय. त्या डॉक्टरने स्वतःच्या गाडीतून मोठ्या हॉस्पिटलात नेलं.
माझ्या मनात पहिलं आलं ते हे: आपला पेशंट पलीकडच्या गटात गेला, आकडे बिघडणार. मुख्य बाईंना तसं कळवून टाकलं.
मग खुर्चीत बसून राहिलो. वाईट वाटायला हवं, असं स्वतःला सांगितलं. वाटलं नाही. भूक लागली होती. डबा खाल्ला.

३० एप्रिल
मोठं हॉस्पिटल. पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल. सर्जनने विचारलं, यांचे पाय कोण बघत होतं? म्हटलं, टीम. तो पेन धरून थांबला. त्याला नाव हवं होतं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिलो.
दादाने विचारलं, दुखेल का रे? मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, आत्तापर्यंत कुठे दुखलं, आता काय दुखणार.

४ मे
काढला.

६ मे
मीटिंग. कुणाकडेच प्रगती नव्हती. मग व्यायामाच्या बाई म्हणाल्या, ते लंगडत होते, मला दिसत होतं. फार्मासिस्ट म्हणाला, एवढ्या गोळ्या कशाला, असं मला वाटलं होतं. सिस्टर म्हणाल्या, वास त्यांच्याच बुटातून येत होता, आणि रडायला लागल्या. मला बायको म्हणाली होती, ते मी सांगितलं नाही.
चौघांचं जोडलं तर सगळं होतं. म्हटलं, बघा, टीमकडे माहिती पूर्ण होती. कुणी हसलं नाही. मी विनोद केलाही नव्हता.
सिस्टरनी मीटिंगनंतर न विचारता पहिल्या पेशंटच्या चपला काढायला लावल्या. मी अडवलं नाही. भिंतीवरचा फोटो कुणीतरी काढलाय. तिथे चौकोन दिसतो. अंग सबंध दिवस दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाटतंय.

२० जून
निकाल आला. आमच्या पेशंटची साखर सरासरीने उतरली. पुलापलीकडच्यांपेक्षा आमची कामगिरी सरस. मुख्य बाईंनी अभिनंदन केलं, परिषदेत बोलायचं निमंत्रण दिलं. दादाचा आकडा आमच्यात धरलेला नाही. तो मध्येच पलीकडे गेला ना. कागदावर त्याचा पाय त्यांच्या दवाखान्यात गेला.
बायकोला अहवाल वाचायला दिला. तिने तो कणिक चाळताना ताटाखाली घेतला.
आनंद होईल असं वाटलं होतं. उद्या होईल कदाचित.

२ जुलै
दादा हॉस्पिटलातून त्याच्या घरी आला. मी एकटाच गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण दारात विसरलो. मग खाली बसलो, त्याच्या डाव्या पायातला मोजा काढला. चष्मा पुसून तळवा बघितला, टाच बघितली, बोटांच्या बेचक्यांत बोट घालून बघितलं. पाय चांगला आहे. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत. मी बघत असताना तो खिडकीकडे तोंड करून बसला होता.
मोजा परत चढवून दिला. तेव्हा त्याने उशाखालून दुसऱ्या जोडातला एक काढला. धुऊन, घडी घातलेला. मला वापरायला एक पुरतो, म्हणाला, धुवायला एक. पण उजव्या पायाचा उगाच पडून आहे. कुणाच्या उपयोगी पडला तर बघा, डॉक्टर.
डॉक्टर म्हणाला. बघा म्हणाला. खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं.
मी मोजा खिशात घातला आणि चालत घरी आलो. चार मार्चचे बाकीचे संकल्प राहिले. ‘डॉक्टर’चा तेवढा पार पडला.