मांडवासाठी पाळलेलं बेट

वैतरणाकाठ, तालुका वसई
८ नोव्हेंबर १९९८

तीर्थस्वरूप पास्कलदादा यांस,

आल्बर्टचा नमस्कार. तुमचे गुडघे, क्लेमेंटीनवहिनींचा दमा आणि निर्मळचं तुमचं ऐसपैस अंगण, सगळ्यांची प्रकृती उत्तम असो. आम्हीही ठीक आहोत. आमचं अंगण तेवढं वारलं.

वाटणीच्या वेळी तुम्ही (भूगोलाचे मास्तर, तेव्हा खोटं बोलणं शक्यच नव्हतं) निर्मळची जागा स्वतःकडे ठेवलीत आणि मला नदीकाठ देताना म्हणालात, "आल्बर्ट, नदी गाळ आणते. तुझी जमीन बसल्या जागी वाढेल." केवढा तो त्याग! वाढली हो. चार-पाच पावसाळ्यांत घरासमोर, पाण्याच्या मधोमध, गाळाचा उंचवटा डोकं काढू लागला. आमच्या टिफनीचं लग्न ठरल्यावर मी सालोमीला (बायको असून ती गप्प राहिली, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं) सांगितलं, पोरीचा मांडव बेटावर, वरात होडीतून! बेट लवकर मोठं व्हावं म्हणून भोवती बांबूचे खुंट ठोकले, त्यांना झावळ्या बांधल्या. तुम्ही वर्गात शिकवायचात तसंच पाणी तिथे मंदावलं आणि गाळ टाकत बसलं. पोटच्या पोरासारखं पोसलं मी ते बेट.

पुढचा धडा शिकवायचा मात्र तुमच्याकडून राहून गेला. नदीला मधे अडवलं की ती कडेने वाट काढते. यंदाच्या पुरात ती माझ्या कडेने गेली. आधी शेवगा, मग विहिरीचा कठडा, मग अख्खं अंगण. माझी माती समोरच्या काठावर कार्मिनच्या वाडीला जाऊन लागली. तिने परवा वालाच्या शेंगा पाठवल्या, "तुमच्याच मातीतल्या" असा मला निरोप देऊन (शेंगा गोड होत्या, हे जास्त लागलं). बेट तरी आहे म्हणून तिथे मांडवाची मेढ रोवायला गेलो, तर मेढ सरळ खाली गेली आणि तिच्यामागोमाग मी कमरेपर्यंत. चौघांनी ओढून काढलं. टिफनी रडली नाही, उलट मलाच समजावत बसली. ते मला सहन झालं नाही, दादा.

असो. तुमच्या विद्येचा विजय असो.

तुमचा धाकटा,
आल्बर्ट

ता.क. हे पत्र अंगण मागण्यासाठी नाही. मला स्वाभिमान आहे.

ता.क. २. सोबत टिफनीची लग्नपत्रिका. विवाहस्थळ वाचून चष्मा पुसू नका, पत्ता तुमचाच आहे. पत्रिका गावभर वाटून झाल्या. वहिनींना आधीच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, छापून घ्या, ह्यांना शेवटी कळवा.