सारवणाचा हात

कुंडल,
सोमवार, दि. ८ सप्टेंबर २०२५

चि. क्रांतीला आजीचा आशीर्वाद.

इकडं सगळी जागच्या जागी हैत. म्हस दूध देतीया, तुझा बाप बोलतोय कमी आन् खातोय जास्त. तिकडं साताऱ्यात तू येळंवर जेवतीस का नुसती काचेची भट्टीच तापवतीस, ते तुझं तुला ठावं.

मी फोन घेत न्हाई म्हणून तू आईला चार गोष्टी ऐकवल्यास. तिचा काय दोष न्हाई. मीच घेत न्हाई. फोनवर निम्मं कळतंय, निम्मं वाऱ्यावर जातंय. म्हणून कागद घेतला. अक्षर वाकडं हाय म्हणून नाक मुरडू नको. दुसरीतनं शाळा सुटलेल्या बाईचं अक्षर सरळ कवा हुतं?

तुझा निरोप कळला. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या निम्म्या काचा माझ्या हातानं झाल्या, निम्म्या ऱ्हायल्या, दसऱ्याच्या आत द्यायच्या, तर आजी तू लगेच ये. लगेच कशी येऊ? म्हशीचं कोण बघंल? एसटीची पायरी किती उंच असती, तुला ठावं न्हाई. गुडघं हैत मला, बिजागऱ्या न्हाईत.

माघात तुझ्याकडं आले हुते तवा गोष्ट निराळी. तू ट्रेमधी प्लास्टरची पांढरी पूड पसरलीस आन् म्हणलीस, "आजी, सारव." मला वाटलं पोरीचं डोकं फिरलं. शेण न्हाई, माती न्हाई, कोरडी पूड. तरी फिरवली चार बोटं. त्यावर तू काच ठेवून भट्टीत घातलीस. दुसऱ्या दिशी गार झाल्यावर उचलली, तर काच मऊ हून रेघारेघांत बसलेली. काचेच्या पोटाला हात लावला तर माझीच बोटं माझ्या हाताला लागली. उभा जन्म सारवलं, आन् दुपारच्याला कोंबड्यांनी उकरलं. हे काय कुणाला उकरायचं न्हाई, एवढंच मनात आलं. तुला तवा बोलले न्हाई. तू लगेच फुगली असतीस.

तू स्वतः कर म्हणावं, तर तुझं सारवण बघितलंय मी. पिठातनं मुंगी गेल्यावानी. फरशीवर वाढलेली पोर तू. आन् साचा काढून एकासारख्या एक केलेल्या काचा डॉक्टरीणबाईंना चालत न्हाईत. परतेक काच निराळी पायजे, पण हात एक पायजे. काम हातचं गेलं तर तुला दुकान मोडून इकडं यावं लागंल, आन् तुझा बाप दोन स्थळं काढून बसलाय. मिलिटरीतनं आला तरी हुकूम सोडायची सवय गेली न्हाई. हे सगळं मला कळतंय. न कळायला मी काय दगड न्हाई. पण डाव्या हातानं इतकं लिहायला सकाळची दुपार झाली.

लिहून बसले. आता खोडत न्हाई.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिशी अंगावरनं वारं गेलं. उजवा हात पडलाय. तोंडबी जरा एका अंगाला गेलंय, बोलले तर घोटभर पाणी तोंडात धरल्यावानी आवाज येतोय. म्हणून फोन न्हाई. मिरजेला दवाखान्यात नेलं हुतं. तुला सांगायचं न्हाई अशी शपथ मीच घातली, तवा आईबापावर ओरडू नको. परवा परातीत पीठ घेऊन बघितलं. बोटं ठेवली तिथंच ऱ्हायली.

मग मी बनुबाईकडं गेले.

व्हय, तीच. माझी धाकटी जाऊ. चुली येगळ्या झाल्या तवापासनं मी तिच्या दारात पाय ठेवला नव्हता. काठी टेकत गेले. ती उंबऱ्यात डाळ निवडत हुती.

"काय वं, वाट चुकला का?"

"न्हाई. तुझ्याकडंच आले. सारवून दाखीव."

"तुमच्या तोंडाला झालंय म्हणत हुते, डोक्यालाबी झालं का?"

असं म्हणत उठलीच ती. मग चुलीतली राख आणून अंगणात पसरली आन् फिरवली बोटं. क्रांते, तसंच गं. कड आली की बोटं डावीकडं वळवून उचलायची, म्हणजे पुढच्या फेऱ्याचं तोंड मागच्याच्या शेपटावर बसतं. आमच्या सासूनं दोघींनाबी तसंच शिकवलेलं, उलथनं पाठीत घालून. मला वाटत हुतं, तो हात माझ्या एकटीकडं ऱ्हायलाय.

तुझं सगळं सांगितलं तिला. म्हणली, "माझ्या काचा बऱ्या निघाल्या तर रडशीला."

"रडायला एकच डोळा चालतोय," म्हणलं. "निम्मंच रडंन."

हसली मेली. मग तिनंच हात धरून मला घरला आणून सोडलं.

आता नीट वाच. पितरांचा म्हाळ उरकला की ती येतीया. डॉक्टरीणबाईंना आधीच सांग, की बाया दोन हैत, शिकवणारी एक हुती. लपवून काच इकू नको. पटलं तर घेतील. न्हाई पटलं तर पुढं काय करायचं ते तुझं तू ठरव, पण बापाला भिऊन ठरवू नको. त्याला मी बघते. तोंड वाकडं हाय, बंद न्हाई.

मला बघायला काम टाकून येऊ नको. हात यायचा असंल तर येईल. तू येऊन काय करणार, हलवून बघणार? तिच्या काचा झाल्यावर माझ्या काचांशेजारी लावून बघशील. कुठली कुणाची ते वळखू आलं तर मला सांगू नको. न्हाई आलं, तरी सांगू नको.

दमले आता.

तुझी आजी,
लीलाबाई

बनुबाई पुढल्या बेस्तरवारी पोचंल. स्टँडवर आणायला जा. तिलाबी आजीच म्हण.