दाराचं लाकूड

रविवार, ९ मार्च

प्रिय थोरलीस,

अनेक आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस, घरी तसं सगळं ठीक आहे. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांच्यापेक्षा जास्त कुरकुरते, म्हणजे प्रकृती बरी समज. फोनवर माझी जीभ अडखळते, आणि तू हल्ली माझा फोन उचलतही नाहीस. म्हणून सुतारकामाच्या पेन्सिलीला टोक काढून बसलोय.

तुझा निरोप आईने सांगितला. धाकटीचा कॉम्प्युटर कुणा गरजूला देऊन टाका, म्हणालीस. बरोबर आहे. ती जाऊन चार महिने झाले, ठेवून काय करायचं? देईन. पण आधी त्यात काय आहे ते तुला सांगायला हवं.

त्यात एक घर आहे. तुझं.

आजारपणात ती तो चौकोनी ठोकळ्यांचा खेळ खेळायची. झाडं तोडायची, फळ्या पाडायच्या, घरं बांधायची. मी औषध द्यायला जायचो आणि मागे उभा राहून नाक खुपसायचो. "हे लाकूड खांबाला चालायचं नाही गं." एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, उभ्याने शहाणपण नको. बसा आणि तोडा झाड."

बसलो. चाळीस वर्षं रंधा मारलेला माणूस मी, पण पहिल्याच दिवशी झाडाऐवजी तिची पाळलेली मेंढी मारली. पोरगी ठसका लागेपर्यंत हसली. तुझी आई स्वयंपाकघरातून धावत आली, काय झालं म्हणून.

मग एक दिवस धाकटी म्हणाली, "आपण ताईचं घर बांधू. पुरं झालं की तिला बोलवू. मला अशी पडलेली बघायला नको यायला तिने. घर बघायला येऊ दे."

त्या खेळात लाकडाच्या सात-आठ जाती आहेत. मी खांबांना काळपट ओक धरला, वजनदार दिसतो म्हणून. भिंतींनाही तोच घ्यायला निघालो तर म्हणाली, "ताईला अंधारं घर आवडत नाही. लहानपणी दिवा मालवला की माझ्या पांघरुणात शिरायची." मला हे ठाऊकच नव्हतं. मग भिंतींना पांढऱ्या सालीचं बर्च घेतलं, जमिनीला मधाच्या रंगाचं. काय उजेड पडला म्हणून सांगू!

पण ओलं लाकूड लगेच लावायचं माझ्या जिवावर येतं. मी ओंडके छपराखाली रचले, मधून वारा खेळेल अशा फटी ठेवून. "वाळू देत," म्हटलं. "चार दिवस थांबू."

"बाबा, इथे लाकूड फुगत नाही. फुगता ते तुम्ही."

तरी थांबली बिचारी. माझा मान ठेवला.

तू त्या दिवसांत दर आठवड्याला फोन करायचीस. "बाबा, येऊ का?" मी म्हणायचो, "एवढ्यात नको. नोकरी नवी आहे तुझी, रजा जपून ठेव." पलंगावरून ती खुणेने विचारायची, ताई काय म्हणते? मी सांगायचो, "कामात आहे."

आता लिहितोच. त्या खेळात लाकूड वाळत नाही, हे मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. तरी मी वाळवत राहिलो. बसवलेली जमीन दोनदा उखडली, सांधा बसत नाही म्हणालो. तिथे कसले आलेत सांधे! गिऱ्हाइकाचं काम मी कधी एक दिवस लांबवलं नाही, हे मात्र लांबवलं. मला वाटायचं, घर अर्धं आहे तोवर ती कुठे जाते? आणि तू आलीस की तिचं सगळं मनासारखं होईल, मग तिला धरून कशाने ठेवायचं?

ती फार दिवसांची सोबती नाही, हे डॉक्टरांनी मला महिनाभर आधी सांगितलं होतं. मी तुझ्या आईला सांगितलं नाही. तुला सांगितलं नाही.

ती गेल्यावर तू आलीस त्या दिवशी फाटकापाशी तू विचारलंस, "मला एका शब्दाने कळवलं का नाहीत?" मी म्हणालो, सगळं अचानक झालं. अचानक नव्हतं, बाळ. तुझी बहीण तुला भेटली असती. ती भेट मी वाळत घातली.

शेवटच्या दिवसांत बोटं उचलत नव्हती तिची. ती सांगायची, मी लावायचो. छप्पर झालं. म्हणाली, "दार राहिलं." मी विचारलं, कुठल्या लाकडाचं करू? तर म्हणाली, "ते ताईला विचारा. तिच्या घराचं दार तिने निवडायचं." तुला विचारायचं तेवढं एकच काम तिने माझ्यावर टाकलं होतं. मी विचारलं नाही.

अजून घराला दार नाही. कोंबड्या आत शिरतात. मी रोज सकाळी चहा झाला की तिच्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसतो आणि त्यांना हाकलतो. दाराच्या रिकाम्या जागेशेजारी एक पेटी ठेवली आहे, तिच्यात प्रत्येक जातीच्या लाकडाचं एकेक दार करून ठेवलंय. लावलेलं एकही नाही.

माफ कर असं लिहीत नाही, ते तुझं तू ठरव. रजा मिळेल तेव्हा, मिळेल तितकी घे. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, मी बाहेर ओट्यावर बसेन. तेव्हा जे म्हणायचं टाळलं, ते आता म्हणतो.

ये.

तुझी वाट अडवून बसलेला,
बाबा